वाळवंटातली वाकलेली नळी

कंपनीने मला ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटात पाठवलं ते माझ्या हुशारीमुळे नव्हे, जन्मगावामुळे.

मी आयर्लंडमध्ये एनिसला राहतो. जवळच्याच एका कारखान्यात नोकरी करतो. तिथे डायलिसिसच्या नळ्या बनतात. रुग्णाचं रक्त यंत्राकडे नेणारी एक, शुद्ध झालेलं परत आणणारी दुसरी. या नळ्यांबद्दल जगात कुठूनही तक्रार आली की ती माझ्या टेबलावर येते, आणि मी तिचं कारण शोधून अहवाल लिहितो. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका आडगावच्या दवाखान्यातून एकाच प्रकारच्या तक्रारी यायला लागल्या. नळी मधेच मुडपते, दाब वाढतो, यंत्र कोकलत सुटतं. बाकी सगळं जग त्याच नळ्या बिनतक्रार वापरत होतं. मुडपायची ती फक्त या गावात.

आम्ही दीड महिना बैठका घेतल्या. आमच्याकडे कारण शोधायची एक पवित्र पद्धत आहे: फळ्यावर माशाचा सांगाडा काढायचा आणि एकेका काट्यावर एकेक संशय लिहायचा. मी जन्माने, संस्काराने आणि बायकोच्या धाकाने शाकाहारी. पण गेल्या अकरा वर्षांत मी जितके मासे काढले तितके कुठल्या कोळ्याने पकडले नसतील. या माशाच्या काट्यांवर आम्ही ऊन लिहिलं, धूळ लिहिली, जड पाणी लिहिलं, ट्रकमधले धक्के लिहिले. एका काट्यावर ‘अधू दृष्टी’ असंही लिहिलं, कारण तक्रारीच्या फॉर्मवर ‘इतर माहिती’ या रकान्यात नर्सने इंग्रजीत लिहिलं होतं, ‘सासूला दिसत नाही’. त्यावरून आम्ही सहा शिकलेल्या माणसांनी असा निष्कर्ष काढला की तिथल्या कोणा म्हाताऱ्या बाईची नजर गेली आहे आणि ती नळीवर हात ठेवून बसते. मिनिट्समध्ये तसं नोंदवलंही.

शेवटी मॅनेजर म्हणाला, कुणीतरी जाऊन बघायला हवं. तो इथलाच, एनिस ज्यात येतं त्या क्लेअर परगण्याचा. त्याची प्रत्येक बैठक ‘ग्रँड’ने, म्हणजे ‘झकास’ने, सुरू होते आणि ‘ग्रँड’ने संपते, मधे काय झालं त्याच्याशी या शब्दाचा संबंध नसतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. कधीतरी ख्रिसमसच्या जेवणात मी नागपूरच्या उन्हाबद्दल फुशारकी मारली होती, ती त्याच्या लक्षात होती.

“तुला उन्हाची सवय आहे,” तो म्हणाला. “ग्रँड.”

एनिसमध्ये पारा बावीसवर गेला की मी पंखा शोधतो आणि झोप झाली नाही म्हणून ऑफिसात कुरकुरतो. पण फुकटचा विमानप्रवास समोर असताना माणूस अशा गोष्टी कबूल करत नाही.

घरी त्या वेळी माझ्या सासूबाई आल्या होत्या, अमरावतीहून, सहा महिन्यांसाठी. त्या माझ्यासमोर बसत नाहीत. मी दिवाणखान्यात आलो की डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघरात जातात. माझ्याशी थेट बोलत नाहीत, माझ्या मुलीमार्फत बोलतात. “जवाईबापूले इचार, च्या घेता काय,” असं त्या नातीला सांगणार. नात तेच मला क्लेअरच्या हेलातल्या इंग्रजीत विचारणार. मी मुलीला मराठीत हो म्हणणार, ती आजीला मान डोलावून दाखवणार. दोन मराठी माणसांमधला चहा असा इंग्रजीतून वळसा घालून येतो. मला हे सगळं फार मागासलेलं वाटायचं. मी बायकोला तसं ऐकवायचोही.

निघण्याआधी कंपनीने मला एक ऑनलाइन कोर्स करायला लावला. विषय: तिथल्या मूळच्या लोकांच्या संस्कृतीचा आदर. जगातल्या सर्वांत जुन्या संस्कृतींपैकी एक, असं पहिल्याच स्लाइडवर होतं, आणि ती चाळीस मिनिटांत आटोपली. शेवटी दहा प्रश्न. मला दहापैकी दहा मिळाले आणि एक प्रमाणपत्र छापून आलं, त्यावर तिथल्या चित्रांसारखी टिंबाटिंबांची नक्षी होती. ते पाहून मला उगाच आठवलं की मी नागपुरात वीस वर्षं राहिलो आणि मेळघाटात एकदाच गेलो, तेही वाघ पाहायला. वाघ दिसला नाही. माणसं दिसली असणार, पण ती पाहायला आम्ही गेलोच नव्हतो. त्याचं प्रमाणपत्र कुणी मागितलं नाही.

तर मी निघालो. तीन मोठी विमानं, एक बारकं विमान आणि मग जीपमधून तांबड्या मातीचा रस्ता, जो मधेमधे आपण रस्ता आहोत हेच विसरून जायचा. दोन्ही बाजूंना काटेरी गवताचे गोल गोल पुंजके, लांब कुठेतरी डोंगराची एक ठेंगणी रांग. गावात शिरायला आधी लेखी परवानगी काढावी लागते, ती कंपनीने काढली होती. गाव म्हणजे पन्नासेक पत्र्याची घरं, एक दुकान, एक शाळा, तांबड्या धुळीचं एक मैदान, चित्रकारांची एक शेड आणि असंख्य कुत्री. मी गाडीतून उतरलो, ऊन अंगावर आलं आणि नागपूरचं सगळं ज्ञान पाच मिनिटांत वितळलं. मी सावलीला उभा राहून पाण्याची अख्खी बाटली संपवली. माझ्याबरोबर आलेला ड्रायव्हर, जो तिथलाच होता, माझ्याकडे सहानुभूतीने बघत होता.

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली. चार खुर्च्या, त्यांतली एक बिघडलेली. भिंतीला लागून यंत्रं, कारण पाणी येण्याचे आणि जाण्याचे पाइप भिंतीत पक्के बसवलेले. आणि नर्स. तिने माझं ओळखपत्र पाहिलं आणि तोंड उघडलं तर बाहेर पडला तो शुद्ध क्लेअरचा हेल. बाई एनिसपासून अर्ध्या तासावरच्या गावची निघाली. मी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचलो होतो आणि तिने मला पहिला प्रश्न विचारला की मी एनिसमध्ये नेमका कुठल्या रस्त्यावर राहतो. दुसरा प्रश्न, यंदा हर्लिंगच्या सामन्यांत क्लेअरच्या संघाचं काय झालं. मी हर्लिंग बघत नाही म्हटल्यावर तिचा माझ्यावरचा विश्वास थोडा उडाला, तो शेवटपर्यंत पूर्ण बसला नाही.

तिने तिथल्या एका म्हाताऱ्या बाईशी माझी ओळख करून देताना सांगितलं, “हा माझ्याच गावचा.” बाई त्या वेळी बाहेर व्हरांड्यात बसली होती. फुलाफुलांचा स्कर्ट, डोक्यावर विणलेली लोकरी टोपी, एवढ्या उन्हात. तिने नर्सच्या ठिपकेदार गोऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझ्या नागपुरी चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हं.” एवढंच. एनिसमधले टॅक्सीवाले मला अकरा वर्षं विचारताहेत की तू एनिसचा हे ठीक, पण मूळचा कुठला? इथे प्रश्न एका हुंकारात मिटला. मला वाटलं, आता ही मला काहीतरी नातं देणार. नेटवरच्या सगळ्या प्रवासवर्णनांत तसं होतं. पाहुणा जातो, एक आजी त्याला भाचा म्हणते, तो रडतो. आजी म्हणाली, मी पंख्याचा वारा अडवतोय, बाजूला हो.

पहिला दिवस मी मोजमापांत घालवला. खोलीचं तापमान घेतलं, पाण्याचे नमुने घेतले, नळ्यांच्या खोक्यांवरचे क्रमांक टिपले. कंपनीने भेट म्हणून मूत्रपिंडाच्या आकाराचे रबरी चेंडू पाठवले होते, हातात दाबून ताण घालवायचे. ते मी मोठ्या आदराने टेबलावर मांडले. ज्यांची खरी मूत्रपिंडं निकामी झालेली आहेत अशा माणसांना रबरी देण्याची कल्पना कुणाची होती ते मला आजही ठाऊक नाही. कुणी चेंडूंना हात लावला नाही. शेवटी एक पिवळं कुत्रं आत आलं, त्यातला एक तोंडात धरून निघून गेलं आणि नर्सने बाकीचे कपाटात टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नर्सच्याही आधी हजर झालो आणि मला कारण सापडलं. पाहताक्षणी. तीन खुर्च्यांपैकी एक खुर्ची आदल्या संध्याकाळी मी गेल्यावर कुणीतरी उलटी वळवून ठेवली होती, खोलीकडे पाठ आणि खिडकीकडे तोंड. यंत्र मात्र भिंतीशीच. त्यामुळे त्या खुर्चीत बसणाऱ्याचा सुया टोचलेला हात यंत्रापासून लांब जाणार, नळी खुर्चीच्या पाठीवरून ताणली जाणार आणि कडेवर मुडपणार. दीड महिना, सहा माणसं, एक मासा, आणि कारण हे. मला माझा इतका अभिमान वाटला की मी कुणाला काही विचारलं नाही. खुर्ची उचलून सरळ केली, बाकीच्यांसारखी यंत्राशेजारी लावली आणि परत कुणी हलवू नये म्हणून तिच्या पायांभोवती जमिनीवर पिवळी चिकटपट्टी मारली. फोटोही काढला. अहवालासाठी.

तासाभराने नर्स घाईघाईत आली आणि इकडेतिकडे न बघता तिने एका माणसाला समोरच्या खुर्चीत बसवून त्याचं यंत्र चालू केलं. चाळिशीचा, डोक्यावर टोपी. मग ती दुसऱ्या रुग्णाचा कागद आणायला आतल्या खोलीत गेली. तेवढ्यात ती लोकरी टोपीवाली बाई दारात आली. तिने सरळ केलेली खुर्ची पाहिली आणि तिथूनच मागे वळली. समोरच्या माणसाने मोकळ्या हाताने टोपी नाकापर्यंत ओढली आणि मान भिंतीकडे फिरवली, नळ्या लागलेल्या असताना जितकी फिरवता येईल तितकी. मी मधे उभा, हातात मोजपट्टी.

नर्स बाहेर आली. तिने चिकटपट्टी पाहिली, मग मला.

“तू हलवलीस?”

मी अभिमानाने हो म्हणालो आणि समजावू लागलो की नळीची लांबी, खुर्चीचा कोन, मुडपण्याची जागा. तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. ती ओरडली नाही, हळू आवाजात बोलली, आणि ते जास्त वाईट होतं. तिने सांगितलं की तो माणूस त्या बाईचा जावई आहे. इथे सासू आणि जावई एकमेकांसमोर बसत नाहीत, एकमेकांकडे पाहत नाहीत, बोलत नाहीत. तो भांडणाचा प्रकार नाही, आदराचा आहे, आणि तो दोघांनीही आयुष्यभर पाळलाय. डायलिसिसचे वार दोघांचे एकच पडले, कारण खुर्च्या तीन आणि माणसं जास्त. एकाचा वार हलवला की चौघांची घडी विस्कटते. मधे पडदा लावता येत नाही, कारण यंत्र चालू असताना रुग्णाचा चेहरा नर्सला दिसला पाहिजे असा नियम आहे. म्हणून खुर्ची खिडकीकडे, आणि नर्सचं स्टूलही खिडकीशी.

“हे सगळं मी लिहिलं होतं,” ती म्हणाली. “प्रत्येक तक्रारीत. पहिल्याच ओळीत.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या फॉर्मच्या त्या रकान्यात ठरावीकच अक्षरं मावतात, पुढची कापली जातात. इंग्रजीत कर्म शेवटी येतं. तिने लिहिलं होतं, सासू पाहू शकत नाही जावयाला, म्हणजे पाहता कामा नये. त्यातला जावई शेपटाकडे होता, तो कापला गेला, आणि एनिसमध्ये आमच्या हाती नुसती आंधळी सासू लागली.

डायलिसिस चुकवणं म्हणजे दाढी चुकवणं नव्हे. एक फेरी गेली की अंगात पाणी साठतं, दम लागतो. दोन गेल्या की विमानाने शेकडो मैलांवरच्या शहरात न्यावं लागतं. ते मला पुस्तकातून चांगलं माहीत होतं. मी नळ्या बनवतो. त्या बाईने आधीची तीन वर्षं त्या शहरात काढली होती, एका वसतिगृहात, केवळ यंत्र तिथे होतं म्हणून. इथे यंत्रं आल्यावर ती घरी परतली होती. आणि मी तिला पिवळ्या पट्टीने बाहेर काढलं होतं.

नर्स म्हणाली, जा आणि तिच्याजवळ बस. समोर नको, बाजूला. आणि कृपा करून काही समजावू नकोस.

बाई झाडाखाली जमिनीवर बसली होती. मी बाजूला जाऊन बसलो. जमीन तापलेली होती. माशा डोळ्यांत, नाकात शिरत होत्या. ऑनलाइन कोर्समध्ये माशा नव्हत्या. मी सॉरी म्हणालो. तिने ऐकलं की नाही ते कळलं नाही, ती एका कुत्र्याच्या पाठीवरचे काटे काढत होती. मला खरंच लाज वाटत होती, आणि ती लाज नेहमीसारखी विनोद करून झटकता येत नव्हती, कारण विनोद ऐकायला कुणी नव्हतं.

मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “तुला सासू आहे?”

“आहे.”

“कुठे?”

“माझ्या घरी.”

तिचा हात कुत्र्याच्या पाठीवर थांबला. “घरात? एकाच घरात?”

मी हो म्हणालो. तिने तोंडावर हात ठेवला आणि शेडकडे वळून तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. तिथे चार बायका जमिनीवर कॅनव्हास पसरून चित्रं काढत बसल्या होत्या. त्या चौघी हसत सुटल्या. एकीने ब्रश खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

“तू बोलतोस तिच्याशी?”

“ती बोलत नाही. मुलीला सांगते, मुलगी मला सांगते. मी आलो की ती उठून आत जाते.”

बाईने मान डोलावली. “चांगली बाई आहे,” ती म्हणाली. “तू खुर्ची फिरव.”

मी आत गेलो, गुडघ्यावर बसून पट्टी नखांनी खरवडून काढली. ती अर्धीच निघाली, उत्तम प्रतीची पट्टी होती. जावई टोपीखालून एकदाही माझ्याकडे बघत नव्हता. मी खुर्ची खिडकीकडे वळवली, नर्सने जावयाच्या खुर्चीचं तोंड थोडं भिंतीकडे फिरवलं आणि मग बाई आत आली. दीड तास उशीर झाला होता. तिच्या मागच्या रुग्णाला त्यामुळे संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. त्या फेरीत नळी दोनदा मुडपली, दोन्ही वेळा मीच उठून सरळ केली. तिच्या पुढच्या दोन फेऱ्यांना माझं तेवढंच काम होतं आणि ते मी बरं केलं असं नर्सचं मत पडलं.

परत आलो तेव्हा एनिसमध्ये आडवा पाऊस होता. घरी मी सगळं सांगितलं, म्हणजे बायकोला सांगितलं, सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. मला वाटलं होतं त्यांना आश्चर्य वाटेल. आतून आवाज आला, कुणाला उद्देशून ते अर्थातच ठरलेलं नव्हतं: “बरोबरच हाय त्या बाईचं. जवायाच्या पुढ्यात सुया टोचून घ्याच्या काय तिनं?” जरा वेळाने त्यांनी नातीला विचारायला लावलं की त्या बाईला लेकी किती. मला माहीत नव्हतं. मी पाण्याचा जडपणा दोन दशांश स्थळांपर्यंत मोजून आणला होता, हे विचारलं नव्हतं.

कारखान्यात मी अहवाल दिला. सूचना साधी होती, नळी हातभर लांब करा. ती मान्य झाली, कारण नळी लांब करणं फॉर्ममधला रकाना लांब करण्यापेक्षा सोपं निघालं. रकान्याचा अर्ज अजून दुसऱ्या खात्यात आहे. मूळ कारण म्हणून अहवालात ‘खुर्चीची दिशा’ असं गेलं. मी ‘सासू-जावई’ लिहिलं होतं, पण कारणांच्या यादीत त्याला कोड नव्हता. मग मॅनेजरने एका दुपारी कँटीनमध्ये माझं भाषण ठेवलं, विषय ‘संस्कृती समजून घेताना’. केक होता, केकवर टिंबाटिंबांची नक्षी होती. मी बोललो, लोक योग्य जागी हसले, सासूवरचे विनोद कुठल्याही देशात चालतात. चिकटपट्टीची गोष्ट मी सांगितली नाही. भाषणात मी खुर्ची पाहताक्षणी सगळं ओळखलं होतं.

चारेक महिन्यांनी नर्सचा ईमेल आला. लांब नळ्या पोचल्या, मुडपणं थांबलं, आभार. खाली तिने सहज लिहिलं होतं की जावयाचा वार आता बदललाय. एका रुग्णाला नवं मूत्रपिंड मिळालं, त्याची जागा मोकळी झाली. दोघं आता वेगवेगळ्या दिवशी येतात. तिने बाईला विचारलं की आता खुर्ची सरळ करू का. बाई म्हणाली, नको. खिडकीतून डोंगर दिसतो, तो तिच्या वडिलांचा आहे. शहरातल्या तीन वर्षांत तिला भिंत दिसायची. ती पहिल्यापासून खिडकीकडेच बसणार होती, जावई असो नसो. कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिने सांगितलं नाही.

म्हणजे माझं मूळ कारण अर्धंच होतं. नियमाप्रमाणे अहवाल पुन्हा उघडायला हवा होता. मी मॅनेजरच्या खोलीच्या दारापर्यंत गेलोही. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता की शेजारच्या लिमरिक शहरातल्या एका रुग्णालयाने लांब नळ्यांची मागणी नोंदवली आहे, तिथल्या रुग्णांना टीव्हीकडे तोंड करून मॅच बघता येते म्हणून. त्याने मला पाहून अंगठा वर केला. मीही केला आणि जागेवर येऊन नर्सला उत्तर लिहिलं. डोंगराचं नाव विचारलं. तिने कळवलं की नाव आहे, पण ते बाहेरच्या माणसाला सांगायचं की नाही हे बाई ठरवणार, आणि बाईने अजून ठरवलेलं नाही.